पट्टीपासून मिलिव्होल्टपर्यंत: मिडीचे व्होल्टेज करणारे सर्किट घरी बांधताना

घरात कीबोर्ड असेल तर एकदा त्याची मागची बाजू नीट पाहा. अर्धवर्तुळात पाच भोके असलेले गोल सॉकेट आणि त्यावर ‘मिडी आउट’ ही अक्षरे दिसली, तर एका सुंदर प्रयोगाचे अर्धे सामान तुमच्याकडे आधीच आहे. नागपुरात अशा वाद्यांची वानवा नाही. लग्नाचे ऑर्केस्ट्रे, संदल-धुमालच्या गाड्या, गाण्याच्या शिकवण्या, भजनी मंडळे, सगळीकडे कीबोर्ड आणि ऑक्टापॅड पोचले आहेत. मागचे ते सॉकेट मात्र बहुतेकांकडे वर्षानुवर्षे रिकामेच असते.

त्या सॉकेटमधून आवाज येत नाही, आकडे येतात. कोणती पट्टी दाबली, किती जोरात दाबली, कधी सोडली, एवढीच बातमी त्या आकड्यांत असते. एखाद्या छोट्या मायक्रोकंट्रोलरने ते आकडे वाचून त्यांचे व्होल्टेज केले, की त्यावर अॅनालॉग सिंथेसायझर सुरात वाजतो. हे सर्किट बांधावे असे मी आग्रहाने सांगतो, त्यामागे आणखी एक कारण आहे. कोणत्या पट्टीला किती मिलिव्होल्ट द्यायचे हे इथे तुम्ही ठरवता. बारा समान तुकड्यांत कापलेले सप्तक बाजूला ठेवून तानपुऱ्याशी जुळणारा गंधार पट्टीवर आणता येतो. आपल्याकडे पेटीवर जो एक मुख्य आक्षेप घेतला गेला, तो या सर्किटात एका तक्त्याने दूर होतो. अट एकच: प्रत्येक मिलिव्होल्ट मोजून घ्यायचा आणि सांभाळायचा.

आकडे कुठले, व्होल्टेज कुठले

रॉबर्ट मूग यांनी 1964 पासून जे सिंथेसायझर बांधले, त्यांत सुराची उंची व्होल्टेजने ठरे आणि एका सप्तकाला एक व्होल्ट असा हिशोब असे. आजही बहुतेक मॉड्युलर यंत्रे हाच हिशोब पाळतात. असा एक मूग 1969 मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत आला आणि अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तिथला स्टुडिओ उभा केला. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये रोलँडच्या टीबी-303, टीआर-808 आणि ज्युपिटर-8 या यंत्रांवर दहा राग वाजवून एक ध्वनिमुद्रिका काढली. आज जगभरचे नृत्यसंगीतवाले ती आदराने ऐकतात. तेव्हा मिडी नव्हती. डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने ती 1983 मध्ये आली आणि वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्ये एका भाषेत बोलू लागली.

मिडीमध्ये पट्ट्यांना 0 ते 127 असे क्रमांक असतात. मधल्या सप्तकातली पांढरी एक म्हणजे 60, काळी एक म्हणजे 61. एका सप्तकाला एक व्होल्ट, म्हणजे समान बारा भागांत एका पट्टीचा वाटा 83.33 मिलिव्होल्ट. एका अर्धस्वराचे शंभर सेंट धरतात, म्हणून एक सेंट साधारण 0.83 मिलिव्होल्टचा. तयार कानाला पाच-सहा सेंटचा फरक कळतो. याचा अर्थ आपल्याला पाच मिलिव्होल्टच्या आत राहायचे आहे. पुढची प्रत्येक निवड या एका आकड्यावरून ठरेल.

सामान

- अर्डुइनो नॅनो, पाच व्होल्टवाली
- ऑप्टोकपलर 6एन138
- डिजिटल आकड्याचे व्होल्टेज करणारी आयसी, म्हणजे डॅक: एमसीपी4822
- ऑप-अॅम्प एमसीपी6002
- डायोड 1एन4148
- रेझिस्टर: 220 ओहम, 470 ओहम, 10 किलोओहम, 1 किलोओहम प्रत्येकी एक, 100 ओहम दोन
- ‘104’ छापलेले सिरॅमिक कॅपॅसिटर पाच-सहा, 100 मायक्रोफॅरडचे दोन
- 7805 रेग्युलेटर आणि 9 व्होल्टचा डीसी अडॅप्टर
- पाच पिनांचे डिन सॉकेट, साडेतीन मिलिमीटरचे तीन जॅक, 10 किलोओहमचा एक पॉट
- आयसी बेस, बर्ग स्ट्रिप आणि झिरो पीसीबी

नॅनो, रेझिस्टर, बेस, पीसीबी हे सगळे नागपूरच्या बर्डीत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळून जाईल. 6एन138 आणि एमसीपी4822 काउंटरवर नसल्या तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा ऑनलाइन मागवा. त्यांच्या जागी ‘तेच काम करते’ म्हणून दुसरे काही घेऊ नका. दुकानात हमखास मिळणारे एमसीटी2ई आणि पीसी817 हे ऑप्टोकपलर साध्या जोडणीत मिडीच्या वेगाला पुरत नाहीत. आकडे मध्येच फाटतात आणि दोष प्रोग्रॅममध्ये आहे असे वाटत राहते.

डॅकबद्दलही असेच. एमसीपी4725 चे छोटे तयार बोर्ड सहज मिळते, पण ती आयसी आपला सप्लायच मोजपट्टी म्हणून वापरते. सप्लाय 5 व्होल्टवरून 4.9 वर आला, की चौथ्या व्होल्टवरचा सूर 80 मिलिव्होल्टने, म्हणजे जवळजवळ एका अर्धस्वराने, उतरतो. एमसीपी4822 मध्ये स्वतःचा 2.048 व्होल्टचा संदर्भ आहे. दुप्पट गेन ठेवला की 0 ते 4095 या आकड्यांना 0 ते 4.095 व्होल्ट मिळतात. एक आकडा म्हणजे एक मिलिव्होल्ट. हिशोब इतका सरळ असल्याने शिकणाऱ्याला दुसरी कोणतीही डॅक सुचवावीशी वाटत नाही.

आत येणारी वाट

मिडीची केबल करंटवर चालते. पाठवणारे वाद्य सुमारे पाच मिलिअॅम्पिअर करंट चालू-बंद करते, त्याने ऑप्टोकपलरमधला दिवा उजळतो-विझतो आणि तो प्रकाश पलीकडचा ट्रान्झिस्टर वाचतो. दोन यंत्रांत तांब्याचा संबंधच राहत नाही, त्यामुळे ग्राउंड लूपची घरघर या वाटेने आत येत नाही.

डिन सॉकेटच्या पिना अर्धवर्तुळात 1, 4, 2, 5, 3 अशा क्रमाने असतात. मधली पिन 2, तिच्या दोन्ही बाजूंच्या 4 आणि 5. आपल्याला या दोनच हव्यात. पिन 4 पासून 220 ओहममधून 6एन138 च्या पिन 2 ला जा. सॉकेटची पिन 5 थेट आयसीच्या पिन 3 ला. 1एन4148 हा डायोड आयसीच्या पिन 2 आणि 3 मध्ये उलटा लावा, काळी रेघ पिन 2 कडे. केबल चुकून उलटी जोडली गेली तर हाच डायोड आतला दिवा वाचवतो.

पलीकडे पिन 8 ला पाच व्होल्ट, पिन 5 ला ग्राउंड. पिन 6 हे आउटपुट: ते नॅनोच्या आरएक्स पिनला जोडा आणि तिथूनच 470 ओहम पाच व्होल्टकडे न्या. पिन 7 पासून 10 किलोओहम ग्राउंडला द्या. त्याने ट्रान्झिस्टर लवकर बंद होतो आणि आकड्यांच्या कडा स्वच्छ राहतात. सॉकेटची पिन 2 आपल्या बाजूला ग्राउंडला जोडू नका. शिल्डचे ग्राउंड पाठवणाऱ्या वाद्याकडे असते; दोन्हीकडे जोडले तर ऑप्टोकपलर लावून मिळवलेले सगळे गमावून बसाल.

नॅनोचा आरएक्स पिन यूएसबीलाही जोडलेला असतो. म्हणून प्रोग्रॅम चढवताना ऑप्टोकपलरची तार काढता येईल असा जंपर ठेवा, आणि त्या वेळी अडॅप्टरही काढून ठेवा.

नव्या छोट्या कीबोर्डांना अनेकदा फक्त यूएसबी असते. ती तार या सर्किटला चालत नाही, कारण तिथे समोर यूएसबी होस्ट लागतो. काहींना साडेतीन मिलिमीटरचा मिडी जॅक असतो. त्याला ‘टाइप ए’ची डिन केबल लावली की काम होते. या प्रयोगासाठी वाद्य विकत घेणार असाल, तर पाच पिनांचे सॉकेट असलेला जुना कीबोर्ड शोधा.

आकड्याचे व्होल्टेज

एमसीपी4822 ची पिन 1 पाच व्होल्टला, 7 ग्राउंडला. पिन 2 नॅनोच्या डी10 ला, 3 डी13 ला, 4 डी11 ला. पिन 5 ग्राउंडला बांधून टाका. पिन 8 वर पहिले आउटपुट, पिन 6 वर दुसरे. पहिल्यावर सूर घ्या, दुसऱ्यावर पट्टी दाबण्याचा जोर.

पाठवायचा आकडा काढणे सोपे आहे. पहिल्या आउटपुटला जितके मिलिव्होल्ट हवेत त्यात 4096 मिळवा. दुसऱ्यासाठी 36864 मिळवा. ही बेरीज सोळा बिटांची एक संख्या म्हणून, मोठा बिट आधी, एसपीआयवरून पाठवा. दोन व्होल्ट हवे असतील तर 2000 अधिक 4096, म्हणजे 6096.

डॅकच्या पुढे एमसीपी6002 चे दोन्ही भाग फॉलोअर म्हणून लावा: डॅकची पिन 8 ऑप-अॅम्पच्या पिन 3 ला, पिन 6 पिन 5 ला, ऑप-अॅम्पच्या 1 आणि 2 एकत्र, 6 आणि 7 एकत्र, पिन 8 ला पाच व्होल्ट, 4 ला ग्राउंड. इथे डब्यातली एलएम358 लावण्याचा मोह टाळा. पाच व्होल्टच्या सप्लायवर तिचे आउटपुट साधारण साडेतीन व्होल्टच्या वर जात नाही. खालची तीन सप्तके छान वाजतील आणि वरच्या पट्ट्या सगळ्या एकाच सुरात अडकतील.

दोन्ही आउटपुटना जॅकच्या आधी 100 ओहमचा रेझिस्टर द्या. बऱ्याच आकृत्यांत तिथे एक किलोओहम दाखवलेला असतो. सिंथेसायझरचा इनपुट साधारण 100 किलोओहमचा असतो, त्यामुळे एक किलोओहमवर जवळपास एक टक्का व्होल्टेज खर्ची पडते आणि दर सप्तकाला बारा सेंट उतरतात. 100 ओहमवर ती घट सव्वा सेंटवर येते.

तिसरा जॅक गेटचा. पट्टी दाबलेली आहे तोवर पाच व्होल्ट, सोडली की शून्य. नॅनोच्या डी4 पासून एक किलोओहममधून थेट जॅकला जोडा. इथे मिलिव्होल्टचा प्रश्न नाही.

प्रत्येक आयसीच्या सप्लाय पिनेशी अगदी चिकटून एकेक ‘104’ लावा. 7805 च्या आधी आणि नंतर 100 मायक्रोफॅरड.

मिडीच्या भागाकडे वळण्याआधी डॅक एकटी तपासा. 1000, 2000, 3000, 4000 असे चार आकडे पाळीपाळीने पाठवा आणि जॅकवर मल्टिमीटर लावा. एक, दोन, तीन, चार व्होल्टच्या आसपास आकडे आले म्हणजे अर्धे काम झाले. पुढे काही बिघडले तरी दोष कुठे शोधायचा नाही हे तुम्हाला पक्के माहीत असेल.

प्रोग्रॅमने काय काय सांभाळायचे

सिरियलचा वेग 31250. एका बाइटला 320 मायक्रोसेकंद लागतात, तीन बाइटची बातमी एका मिलिसेकंदाच्या आत पोचते. तयार मिडी लायब्ररी वापरली तरी चालेल, पण वाचणारा भाग एकदा स्वतः लिहून पाहावा, कारण त्यातल्या खाचाखोचा पुढे सर्वत्र उपयोगी पडतात.

128 किंवा त्याहून मोठा बाइट म्हणजे हुकूम, त्याहून लहान म्हणजे माहिती. 144 ते 159 म्हणजे पट्टी दाबली, 128 ते 143 म्हणजे सोडली, 224 ते 239 म्हणजे बेंडचे चाक फिरले. सोळा आकडे सोळा चॅनेलसाठी. पट्टीच्या हुकुमामागून दोन बाइट येतात: पट्टीचा क्रमांक आणि जोर.

तीन गोष्टी विसरल्या तर सूर अडकून पडतात. पहिली: अनेक कीबोर्ड ‘सोडली’ असा हुकूम कधी पाठवतच नाहीत, ‘दाबली, जोर शून्य’ असे पाठवतात. तो सोडल्याचाच निरोप समजा. दुसरी: तोच हुकूम पुन्हा द्यायचा असेल तर तो गाळून नुसती माहिती पाठवण्याची मुभा आहे, म्हणून शेवटचा हुकूम लक्षात ठेवा. तिसरी: 248 आणि पुढचे बाइट ताल आणि हजेरीचे असतात, ते दुसऱ्या बातमीच्या मधोमध घुसू शकतात. त्यांना सोडून द्या, पण हातातली अर्धी बातमी टाकू नका.

दाबलेल्या पट्ट्यांची यादी ठेवा. नवी पट्टी दाबली की ती वाजेल. ती सोडली आणि आधीची अजून दाबलेली असेल, तर सूर आधीच्या पट्टीवर परत येईल. सगळ्या सुटल्या की गेट बंद. मुरकी आणि खटका पट्टीवर घ्यायचा तर ही यादी लागतेच.

व्होल्टेज आधी, गेट नंतर, हा क्रम कधीही मोडू नका. गेट आधी उघडले तर सुरुवातीला मागचा सूर क्षणभर डोकावतो आणि प्रत्येक स्वरापुढे एक नको असलेला कण लागतो.

एक पट्टी दाबलेली असताना दुसरी दाबली, तर गेट तसेच उघडे ठेवा. नवा आघात न होता सूर सरकतो, मींड घ्यायला वाट मिळते. मींडेचा वेग पॉटवरून वाचा. नव्या व्होल्टेजवर एकदम उडी मारण्याऐवजी दर मिलिसेकंदाला थोडे थोडे पुढे सरका. रेझिस्टर-कॅपॅसिटर लावून केलेली सरक सुरुवातीला जोरात धावते आणि शेवटी रेंगाळते. गळ्यातली मींड पहिला स्वर हळूच सोडते आणि दुसऱ्यावर हळूच टेकते. प्रोग्रॅममध्ये हा आकार देता येतो, आणि तो दिलात की कीबोर्डचा कोरडेपणा बराच जातो.

बेंडचे चाक 0 ते 16383 असे आकडे देते, मध्य 8192. दोन्हीकडे दोन अर्धस्वर ठेवायचे तर मध्यापासूनच्या अंतराला 167 ने गुणून 8192 ने भागा. आलेले मिलिव्होल्ट सुरात मिळवा. हा गुणाकार सोळा बिटांत मावत नाही, बत्तीस बिटांची संख्या घ्या.

श्रुतींचा तक्ता

1940 पासून 1971 पर्यंत आकाशवाणीवर पेटीला मज्जाव होता. मींड येत नाही आणि पट्टीवरचे स्वर समान भागांत बसवलेले, हे त्यामागचे मुख्य आक्षेप. त्याआधीच, 1910 मध्ये, सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींचे गणित पुस्तकरूपाने मांडले होते, आणि ई. क्लेमेंट्स यांच्यासोबत श्रुतींच्या पेटीचा प्रयत्नही केला होता. अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम घडवून ते काम पुढे नेले. पितळी सूर घासून जे साधावे लागते, ते आपल्याला आकडा बदलून साधते.

षड्जापासूनचे मिलिव्होल्ट असे. आधी नैसर्गिक गुणोत्तराचा आकडा, मग समान भागांचा:

- कोमल रिषभ 16/15: 93, समान भागांत 83
- शुद्ध रिषभ 9/8: 170, समान भागांत 167
- कोमल गंधार 6/5: 263, समान भागांत 250
- शुद्ध गंधार 5/4: 322, समान भागांत 333
- शुद्ध मध्यम 4/3: 415, समान भागांत 417
- तीव्र मध्यम 45/32: 492, समान भागांत 500
- पंचम 3/2: 585, समान भागांत 583
- कोमल धैवत 8/5: 678, समान भागांत 667
- शुद्ध धैवत 5/3: 737, समान भागांत 750
- कोमल निषाद 9/5: 848, समान भागांत 833
- शुद्ध निषाद 15/8: 907, समान भागांत 917
- तार षड्ज: 1000

शुद्ध मध्यम आणि पंचम जवळपास जागेवरच आहेत. खरा फरक कोमल रिषभ, गंधार, धैवत आणि निषादात. शुद्ध गंधार 11 मिलिव्होल्टने, म्हणजे सुमारे 14 सेंटने खाली येतो. तानपुरा लावून दोन्ही गंधार पाळीपाळीने वाजवा: 333 वरचा गंधार तानपुऱ्याशी झुंजत राहतो, 322 वरचा त्यात मिसळून जातो. हा फरक एकदा कानाने ऐकला की तक्त्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

हे आकडे सुरुवातीपुरते घ्या. प्रचलित श्रुतिगणितात कोमल गंधाराला 32/27 ही दुसरी जागाही आहे. ती 245 मिलिव्होल्टवर येते. दरबारीचा गंधार आणि भीमपलासीचा गंधार एकाच आकड्यावर बसवू नका. रागानुसार दोन-तीन तक्ते ठेवा आणि ते गाणाऱ्या माणसासमोर बसून कानाने ठरवा.

तक्ता षड्जापासून मोजलेला आहे, म्हणून षड्ज बदलता आला पाहिजे. पट्टी क्रमांक 36 ला शून्य व्होल्ट धरा; 49 पट्ट्यांच्या कीबोर्डची ती सहसा पहिली पट्टी असते आणि शेवटची 84 बरोबर चार व्होल्टवर बसते. काळी एक हा षड्ज असेल तर मधल्या सप्तकातला 61 वा क्रमांक 2083 मिलिव्होल्टवर येतो, आणि त्याचा गंधार, क्रमांक 65, 2083 अधिक 322 म्हणजे 2405 वर. समान भागांत तो 2417 वर आला असता. गाणारी व्यक्ती काळी चारमध्ये गात असेल तर फक्त षड्जाचा क्रमांक बदला, तक्ता तोच राहील. ज्या पट्ट्या षड्जाच्या खाली आहेत त्यांचे सप्तक एकाने कमी धरायला विसरू नका.

शेवटी सगळ्या आकड्यांत 20 मिलिव्होल्ट मिळवा. डॅक आणि ऑप-अॅम्प अगदी शून्यापर्यंत पोचत नाहीत, शेवटचे काही मिलिव्होल्ट अडतात. सगळेच सारखे वर उचलले की खालची पट्टीही सुरात येते. वाढलेला भाग सिंथेसायझरच्या ट्यूनिंगच्या बटणाने उतरवता येतो.

मोजणी

एमसीपी4822 चा हिशोब कागदावर कितीही सरळ असला, तरी प्रत्येक नगात दोन टक्क्यांपर्यंत गेनची चूक असू शकते. चार व्होल्टवर ती 80 मिलिव्होल्ट होते. शिवाय मधल्या आकड्यांतही थोडी वाकडी चाल असते. म्हणून तुमच्या नगाची मोजणी तुम्हीच करायची.

पिवळा डीटी830डी मल्टिमीटर दोन व्होल्टच्या रेंजवर एक मिलिव्होल्टपर्यंत दाखवतो, पण वीसच्या रेंजवर त्याची पायरी दहा मिलिव्होल्टची, म्हणजे बारा सेंटची आहे. वरच्या दोन सप्तकांसाठी तो अपुरा. साडेचार अंकी मीटर मिळवा. तुम्ही किंवा तुमचे कोणी अभियांत्रिकी महाविद्यालयात असेल तर तिथल्या प्रयोगशाळेत अर्ध्या तासाचे काम आहे. 20 पासून 4020 पर्यंत दर 500 च्या पायरीवर आकडा पाठवा आणि मीटरवर काय आले ते लिहा. ही नऊ मापे प्रोग्रॅममध्ये दुसरा तक्ता म्हणून घाला आणि मधल्या आकड्यांची दुरुस्ती प्रमाणात काढा. श्रुतींचा तक्ता आणि डॅकच्या दुरुस्तीचा तक्ता वेगवेगळे ठेवा. आयसी बदलली तर फक्त दुसरा नव्याने मोजावा लागेल.

मग सिंथेसायझर जोडा. एकाच स्वराची चार सप्तके वाजवून ट्यूनरवर पाहा. वर जाताना सूर क्रमाने चढत किंवा उतरत गेला तर सिंथेसायझरचा ‘स्केल’ ट्रिमर फिरवा, तुमच्या तक्त्याला हात लावू नका.

नागपूरचा उन्हाळा

मे महिन्यात इथे पारा 45 च्या वर जातो आणि त्याच खोलीत डिसेंबरच्या सकाळी थंडी वाजते. डॅकच्या संदर्भावर याचा परिणाम फार नाही: अंशाला दशलक्षात पन्नास भाग, म्हणजे दहा अंशांच्या फरकाने चार व्होल्टवर दोन मिलिव्होल्ट. खरा त्रास ऑसिलेटरचा. व्होल्टेजवरून कंपने ठरवणारी ट्रान्झिस्टरची जोडी भरपाईविना ठेवली, तर तिचे माप अंशाला सुमारे एक तृतीयांश टक्क्याने सरकते. दहा अंशांत सप्तकामागे चाळीस सेंट! म्हणून ऑसिलेटर स्वतः बांधणार असाल तर भरपाई आतच असलेली एएस3340 सारखी आयसी घ्या, किंवा त्या जागी 3300 पीपीएमचा तापमान-भरपाई रेझिस्टर लावा. यंत्र सुरू करून वीस-पंचवीस मिनिटे तापू द्या आणि मगच सूर लावा. ऋतू बदलला की चार सप्तकांची तपासणी पुन्हा करा.

कूलर हा दुसरा मुद्दा. पंखा आणि पंप सुरू होताना व्होल्टेज दबते आणि तारेवर खरखर येते. सर्किट आणि अॅम्प्लिफायर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर ठेवा, कूलर दुसऱ्या प्लगवर. लॅपटॉपच्या यूएसबीवर सर्किट चालवून मैफल करू नका. 7805 आणि अडॅप्टर त्यासाठीच घेतले आहेत. सर्किट धातूच्या डब्यात बसवा आणि डबा ग्राउंडला एकाच ठिकाणी जोडा. कूलरच्या झोताच्या वाटेत डबा नको: ओलावा झिरो पीसीबीच्या ठिपक्यांमधून गळती करतो आणि मिलिव्होल्ट तिथेच निसटतात. डाग दिल्यावर उरलेली पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढा, तीही ओल धरते.

ऑक्टापॅडवाल्यांसाठी

रोलँडचा 1985 चा पहिला ऑक्टापॅड स्वतः आवाज काढतच नसे. तो फक्त मिडीचे आकडे पाठवी. आजच्या ऑक्टापॅडनाही मिडी आउट असते, त्यामुळे धुमालच्या वादकांना हेच सर्किट उपयोगी आहे. सुराची गरज नसेल तर डॅक आणि ऑप-अॅम्प काढा आणि प्रत्येक पॅडच्या क्रमांकाला नॅनोचा एकेक पिन द्या. आघात झाला की त्या पिनवर दहा मिलिसेकंद पाच व्होल्ट द्या; अॅनालॉग ड्रम त्यावर वाजतो. ऑक्टापॅड बहुधा दहाव्या चॅनेलवर बोलतो, म्हणजे हुकुमाचा बाइट 153. याच संकेतावर दिवे लावायचे असतील तर 230 व्होल्टचा भाग तयार, बंदिस्त रिले मॉड्यूलवरच ठेवा आणि तो मिडीच्या पीसीबीपासून दूर बसवा.

अडले तर

काहीच वाजत नसेल तर आधी डिन सॉकेटच्या 4 आणि 5 या तारा अदलाबदल करून पाहा. पिनांचा क्रम पुढून आणि मागून उलटा दिसतो, चूक बहुधा तिथेच असते. प्रोग्रॅम चढत नसेल तर आरएक्सचा जंपर काढायचा राहिला आहे. सूर अडकत असतील तर ‘जोर शून्य’ची अट तपासा. वरच्या पट्ट्या सपाट होत असतील तर ऑप-अॅम्प पाहा. सूर थरथरत असेल तर कीबोर्डची केबल काढून एकच आकडा स्थिर पाठवा: थरथर थांबली तर दोष आकडे वाचण्यात, चालू राहिली तर ग्राउंड किंवा सप्लायमध्ये.

ब्रेडबोर्डवर सगळे चालले की लगेच झिरो पीसीबीवर उतरवा. ब्रेडबोर्डचे सैल स्पर्श मिलिव्होल्टच्या कामाला पुरत नाहीत. डब्याच्या झाकणाच्या आत षड्जाचा क्रमांक, नऊ मापे आणि मोजणीची तारीख लिहून ठेवा.

मग तो डबा गाणाऱ्या माणसाकडे घेऊन जा. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्याला मिलिव्होल्ट कळतात, गाणे शिकलेल्याला गंधार कळतो. या सर्किटाला दोघांचीही गरज आहे. गुरुजींनी ‘किंचित उतरव’ म्हटले की तक्त्यातून दोन मिलिव्होल्ट कमी करा, ‘आता लागला’ म्हणाले की तो आकडा लिहून घ्या. असा एकेक आकडा जमवत केलेला यमनाचा, भीमपलासीचा, दरबारीचा तक्ता कोणत्याही कंपनीच्या कीबोर्डमध्ये तयार मिळणार नाही. तो तुमचा असेल, आणि पुढच्या शिकणाऱ्याला जसाच्या तसा देता येईल.